अर्ध्यावरचा काटा

मोटारीच्या डॅशबोर्डावरच्या वेगाच्या काट्याकडे पाहुणे पाहतात, इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे मिस्त्री पाहतो आणि तेलाच्या काट्याकडे ज्याला पंपावर पैसे मोजायचे असतात तो पाहतो. माझ्या जीपचा हा तिसरा काटा सात महिने अर्ध्यावर उभा होता. टाकी काठोकाठ भरा, अर्धी. भामरागडला जाऊन या, तरी अर्धी.

शून्यावर अडकला असता तर माणूस घाबरून आधी पंप गाठता. 'भरलेली' या खुणेवर अडकला असता तर दोन दिवसांत संशय येता. पण अर्धे ही अशी जागा आहे की तिच्यावर कोणाचाही विश्वास बसतो. महिन्याच्या पंधरा तारखेला 'अर्धा पगार शिल्लक आहे' असे सांगितले, तर कोणती गृहिणी उलटतपासणी घेते?

पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल, तेल संपले तर एवढे काय बिघडले? स्कूटरची कळ 'रिझर्व्ह'वर फिरवून पुढचा पंप गाठण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. जर्मन 'बीटल' मोटारीला तर १९६१ सालापर्यंत तेलाचा काटाच नव्हता. राखीव पेट्रोलाची कळ फिरवायची आणि पुढे निघायचे. पण माझ्या जुन्या जीपला मूळचे पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवलेले आहे. डिझेल टाकीच्या तळाला गेले की नळ्यांत हवा शिरते, आणि नुसते कॅनभर तेल ओतून गाडी चालू होत नाही. नळ्यांचे नट सैल करा, हातपंप मारा, फेस जाऊन स्वच्छ तेल येईपर्यंत थांबा. हे सारे दिवसाउजेडी अंगणात ठीक आहे. आलापल्लीहून पेरिमिली, ताडगाव, हेमलकसा असे करीत भामरागडला जाणाऱ्या साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्यावर, श्रावणातल्या रात्री, दोन्ही बाजूंना सागवान ठिबकत असताना ते करून पाहावे!

माझे स्वतःचे काही अडत नव्हते. किती किलोमीटर झाले ते वहीत लिहावे, दहाने भागावे, झाले. पण जंगलातली जीप एका माणसाची नसते. १०८ ची गाडी दुसऱ्या फेरीवर गेलेली असली की लोक आमच्या दाराशी येतात. जुलैत असेच रात्री अकराला आले. ताडगावच्या बाजूची एक बाई अडली होती, तिला अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणायचे होते. शेजारचा मुलगा गाडी घेऊन निघाला. मी त्याला दोनदा बजावले, "एका खेपेला भरपूर तेल आहे. काट्याकडे बघू नकोस, तो खोटा आहे."

त्याने बाईला वेळेवर पोचवले. मुलगी झाली, दोघीही सुखरूप. तो बिचारा रुग्णालयाच्या बाकावरच झोपी गेला. तेवढ्यात बाईच्या माणसांना घरून आई आणि कपडे आणायचे सुचले. त्यांच्यातल्या ज्याला गाडी येत होती त्याने किल्ली घेतली, काटा पाहिला, अर्धी टाकी दिसली आणि तो निघाला. त्याचे काय चुकले? सकाळी गाडी परत आली, तेव्हा ४० लिटरच्या टाकीत पंपवाल्याने ३८ लिटर ओतले.

आमच्या सौ.नी पावती वाचली आणि त्या म्हणाल्या, "तुमची वही तुमच्या खिशात असते. गाडीबरोबर काटाच जातो."

त्याच आठवड्यात गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथे डॅशबोर्ड उघडून नवेकोरे घड्याळ बसवून मिळाले. घरी येईपर्यंत नवा काटाही अर्ध्यावर जाऊन उभा राहिला! मग गावातल्या आमच्या मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींनी डॅशबोर्डाकडे ढुंकूनही पाहिले नाही. या जीपची टाकी चालवणाऱ्याच्या आसनाखाली असते. त्यांनी गादी उचलली आणि टाकीच्या माथ्यावरची एकुलती एक वायर काढली. "गुरुजी, किल्ली फिरवा जी." काटा हळूहळू शून्यावर उतरला. मग त्या वायरीचे टोक क्षणभर गाडीच्या पत्र्याला लावले. काटा चढत थेट 'भरलेली' वर. "पाहा. काटा बी बरोबर, वायर बी बरोबर. त्याले टाकी जे सांगते तेच तो दाखवते."

काही गाड्यांत हा चढउतार उलटा असतो, पण युक्ती तीच. पुढची शंका 'अर्थ'ची. टाकीचा गाडीच्या पत्र्याशी असलेला जोड गंजला, तर निरोप पोचतो पण त्याचा अर्थ लागत नाही. (शब्द इंग्रजी आहे, पण इथे मराठीतही चपखल बसतो.) मिस्त्रींनी एक जादा वायर टाकीपासून पत्र्याला जोडून पाहिली. काटा अर्ध्यावरच. तेव्हा राहिला तो फ्लोट.

गॅरेजात ज्या सगळ्या यंत्राला 'फ्लोट' म्हणतात, त्यात तेलावर तरंगणारा एक पोकळ डबा, त्याला जोडलेला दांडा आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत जाणारी एक पितळी जीभ असते. तेल उतरले की डबा उतरतो, जीभ सरकते, विजेला अधिक तार ओलांडावी लागते, प्रवाह क्षीण होतो. तिकडे घड्याळात दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाहाने ती तापून वाकते आणि काटा हलवते. म्हणून असा काटा किल्ली फिरवताच टुणकन उडी मारत नाही, सावकाश चढतो.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर सोडली, टाकीवरची धूळ ब्रशाने झाडली (नाहीतर ती सारी आत जाते) आणि मगच पेच काढले. फ्लोट बाहेर आला तो दांडा ताठ धरून. टाकीच्या हवेतली वाफ पावसाळ्यात थंड होऊन पाणी झाले होते आणि दांड्याच्या खिळीवर गंज चढला होता. डबा कानाशी हलवला; आत तेल खळखळत नव्हते, म्हणजे छिद्र नाही. असते तर मिस्त्री त्याला आधी गरम पाण्यात बुडवतात: बुडबुडे कुठून येतात ते दिसते, आणि आतले तेल पुरते निघाल्याशिवाय त्याला डाग द्यायचा नसतो, एरवी स्फोट व्हायचा.

रॉकेल आणि ब्रश यांनी खिळ मोकळी झाली. मला वाटले, संपले काम. पण मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून दांडा हळूहळू फिरवला. आकडे नीट वाढत गेले आणि बरोबर मध्यावर एकदम गायब झाले. सात महिने जीभ एकाच जागी थरथरत राहिली होती. तिने खालची तार झिजवून टाकली होती. तसाच बसवला असता तर काटा अर्ध्यावर आला की धाडकन शून्यावर पडता. मिस्त्रींनी चिमट्याने जीभ किंचित बाजूला वाकवली. आता ती तारेच्या कोऱ्या पट्ट्यावरून जाऊ लागली.

अडाणी गाड्यांचेच असे होते म्हणावे, तर १९८३ च्या जुलैत एअर कॅनडाचे नवे बोइंग ७६७ विमान इंधनमापक बंद असताना उडाले. आतल्या एका यंत्रातला डाग नीट बसलेला नव्हता. पट्टीने मोजून हिशेब केला, तो किलोग्रॅमऐवजी पौंडांचा आकडा घेऊन. आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सारे वाचले. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या!

मिस्त्रींनी नवे पॅकिंग घालून फ्लोट बसवला, आणि आम्ही रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओतत गेलो. शून्याच्या खुणेवर काटा असताना टाकीत चार लिटर उरते, आणि 'अर्धे' म्हणजे १८ लिटर. सौ.नी हे आकडे मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून काट्याशेजारी चिकटवले. मिस्त्रींनी मजुरीचे दोनशे रुपये घेतले, चहा घेतला, आणि गॅरेजने परत दिलेले जुने घड्याळ मागून घेतले. ते चांगलेच होते.