सचिनची जीप, डांगचा ओढा

आमच्या सचिनच्या घरासमोर बाबांची १९९१ची महिंद्रा एमएम ५४० उभी असते. गंजून जाण्याआधी विकून टाकू, असं मी कितीदा तरी म्हणालो. बाबांचं उत्तर एकच. "एकदा पावसात डांगला घेऊन जा. मग खुशाल विक."

जुलैत दोघेच निघालो. नवसारी, चिखली, वांसदा, वघई. अंबिका गढूळ, फुगलेली. पुढे ओळखीच्यांच्या शेताकडे जाणारा कच्चा रस्ता ओढ्यात उतरत होता. मी सरळ घुसणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. आधी गाडी निवू दे."

तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. बी.ई.ला थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्या मला हे सुचलं नव्हतं! अर्धा तास शेव-मुरमुरे खाल्ले. मग फोर व्हील, लो, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. जीप बैलासारखी संथ पार झाली.

तरी घरी येऊन पाहिलं तर मागच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ. ब्रीदर चिखलाने बुजलेला, तो मी कधी साफच केला नव्हता. मिस्त्रींनी ऑइल बदललं आणि ब्रीदरला नळी लावून ती चासीवर उंच बांधली.

बाबांच्या गुडघ्याला आता तो क्लच झेपत नाही. रविवारी मी गाडीखाली झोपून ग्रीस मारतो. ते शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि कुठला निपल राहिला ते सांगतात. विकायचा विषय सध्या मी काढत नाही.