ओढू नोका, फिरवा!

तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली काय काय असतं, माहितीय? एसी, म्युझिक सिस्टिम, मायलेज यावर आपण कॅन्टीनमध्ये तासभर बोलू शकतो. पण बॉनेट उघडायचं म्हटलं, की थेट सर्व्हिस सेंटरला फोन! फक्त मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, अमरावती-अकोला हायवेवर, सर्व्हिस सेंटर जरा लांब असतं एवढंच.

हा हायवे म्हणजे आम्हा वऱ्हाडकरांचा सेलिब्रिटी. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत इथे १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनेस बुकात नाव लागलं. त्याआधीचा रेकॉर्ड कतारचा होता. तर असा मक्खन रस्ता, आणि त्यावर आमची २००५ ची मारुती ८००! जानेवारी २०१४ मध्ये या मॉडेलचं उत्पादनच थांबलं, पण बाबांना ते मान्य नाही.

आत्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गाडी बाबा चालवत होते. हे वाक्य वाटतं तेवढं साधं नाही. बाबा अडुसष्ट वर्षांचे आणि वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. दादा पुण्याहून फोनवर एकदा म्हणाला, "बाबा, बास झालं आता. विकून टाका ती गाडी." त्यानंतर बाबा तीन दिवस कुणाशीच बोलले नाहीत. चावी मात्र तेव्हापासून उशीखाली.

लोणी गेलं आणि गाडी गचके द्यायला लागली. तीन सिलिंडरचं इंजिन, त्यातला एक रुसला की पाव-अर्धा नाही, तिसरा हिस्सा ताकद गेली. तसंच दामटत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरचीही वाट लावतं. बाबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, मधल्या प्लगची वायर धरली आणि हिसका दिला. वायर हातात आली. रबरी टोपी आणि आतली पत्र्याची क्लिप प्लगवरच राहिली. बाबा हाताकडे बघत उभे राहिले. वायरपेक्षा हाताकडेच जास्त.

बाजूच्या पंक्चरवाल्याच्या दुकानातून एक पोरगा आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकाजी, ओढू नोका. फिरवा. उन्हानं रब्बर पार वाळून गेलं हाय."

मग कळलं की या हातभर वायरचं केवढं प्रस्थ! बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइल हजारो व्होल्टपर्यंत वाढवते आणि ते प्लगपर्यंत पोचवायचे ते या वायरने. अनेक वायरींच्या पोटात तांब्याची तार नसतेच, कार्बन बसवलेला धागा असतो. वरून ठीक दिसणारी वायर ओढाओढीत आतून तुटलेली असू शकते. म्हणून नेहमी टोपी धरायची, वायर नाही. आधी अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे. सुटली की मगच वर.

आमचं प्रकरण त्याच्या पुढे गेलेलं. पहिला उपाय काय? तर काहीही न करणं! इंजिन थंड होईपर्यंत लिंबाखाली बसून राहायचं. हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापलेलं असताना प्लग खोलला तर आटे जाण्याची भीती. तासाभराने त्याने चावी काढायला लावली, सिलिकॉन स्प्रे मारला आणि लांब तोंडाची पकड काढली. बाबांनी हात पुढे केला. पोरग्याने हाताची थरथर बघितली. काही बोलला नाही. पकड माझ्या हातात दिली आणि बाबांना म्हणाला, "काकाजी, तुमची गाडी तुमाले ठाऊक. तुमी सांगा, ताईले करू द्या."

आणि बाबा सांगायला लागले! "खाली दाबू नको, चिनी मातीला तडा जाईल. टोपीला उभा काप दे. आता हळूहळू फिरव." वाळलेलं रबर तुकड्या-तुकड्यांनी निघालं. शेवटी क्लिप पकडीत धरून सरळ वर काढली. प्लग खोलण्याआधी पोरग्याने पंक्चरच्या हवेनेच खळगा फुंकून घेतला. रबराचा कण सिलिंडरमध्ये पडायला नको ना! नवा प्लग मी आधी हातानेच फिरवून बसवला, पाना शेवटी. मूर्तिजापूरहून कुणाच्या तरी बाईकवर वायरींचा नवा सेट आला. तिन्ही एकदम काढल्या तर कुठली कुठे हा घोळ होतो, म्हणून एक काढायची, एक लावायची. 'टक' आवाज आला की बसली.

पुढचा रस्ता गाडी मी चालवली. बाबा स्वतःहून डावीकडच्या सीटवर बसले आणि बोरगाव मंजूपर्यंत मला गिअर शिकवत राहिले. मला सहा वर्षांपासून गाडी येते. मी ऐकत राहिले.

त्या पोरग्याने बाबांना 'तुम्हाला जमत नाही' असं म्हटलं नाही. काम फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, आणि जाणकार म्हणून बाबा जागच्या जागी राहिले. बोर्डरूममध्ये नोकऱ्या आणि घरात मनं अशाच हिसक्यांनी तुटताना आपण बघतोच की.

परवा बाबांनी आपणहून विषय काढला. न्यूरॉलॉजिस्टची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं त्यांनीच ठरवलंय. विकायचीही नाही. रविवारी सकाळी बॉनेट मी उघडायचं, ते खुर्ची टाकून शेजारी बसणार. या रविवारी ऑइल बदलायचंय. चावी आता उशीखाली नाही, दाराजवळच्या खिळ्यावर लटकते.