दोष गर्दीचा नव्हता

लिव्हरपूलचा चाहता म्हणून मी दोन गोष्टी एकाच वेळी मानत आलो होतो. पहिली अशी की, १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर आमच्या क्लबचे जे चाहते चिरडून मेले, त्यांचा काडीचाही दोष नव्हता. दुसरी अशी की, आपल्याकडे स्टेशनात, जत्रेत, मिरवणुकीत माणसं चेंगरून मरतात ती आपल्या बेशिस्तीपायी. या दोन्ही समजुती माझ्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. आता दुसरी उरलेली नाही. ती कशी गेली ते लिहायला बसलो आहे, कारण फुटबॉलच्या वेडाने मला जे काही दिलं त्यात हे सगळ्यात मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

माझं वेड २००५ च्या इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापासूनचं. मध्यंतराला तीन गोलांनी मागे पडलेला संघ मध्यरात्रीनंतर टीव्हीवर जिंकताना पाहिला आणि मी कायमचा त्या क्लबचा झालो. मग क्लबचा इतिहास आला, आणि त्या इतिहासात शिरलं की हिल्सबरो टळत नाही. दरवर्षी पंधरा एप्रिलला मी मित्रांच्या गटात शोकसंदेश टाकायचो. ‘द सन’ या वर्तमानपत्राने त्या दुर्घटनेनंतर चार दिवसांनी मेलेल्यांवर आणि वाचलेल्यांवर पहिल्या पानावर किळसवाणे खोटे आरोप छापले होते. त्या पत्रावर लिव्हरपूल शहराने टाकलेला बहिष्कार मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो.

आणि हाच मी २९ सप्टेंबर २०१७ च्या रात्री जेवताना वेगळंच बोललो. त्या दिवशी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्टेशनं जोडणाऱ्या पादचारी पुलावर २३ माणसं चेंगरून गेली होती. माझं ऑफिस त्याच भागात, त्या पुलाचा जिना माझ्या रोजच्या पायाखालचा. मी म्हणालो, “लोक पाच मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? आपल्याला शिस्तच नाही.” बाबा परळच्या गिरणीत साच्यावर होते, संप फसेपर्यंत. ते शांतपणे म्हणाले, “थांबणार कुठे? खाली दुसरी गाडी येऊन उभी राहते, ती माणसं तुला थांबू देतील?” मी विषय बदलला. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या मनातून हलला नाही.

पुढे केव्हातरी हिल्सबरोची कागदपत्रं नीट वाचायला घेतली. तोवर मी त्या दुर्घटनेबद्दल भावनेने बोलत होतो, आता आकडे समोर आले. एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या सुमारे २४,००० चाहत्यांना लेपिंग्ज लेनच्या बाजूने आत यायचं होतं आणि त्यासाठी फिरती दारं होती २३. फॉरेस्टच्या बाजूला ६०. त्या २३ पैकी, उभं राहून सामना बघण्याची तिकिटं असलेल्या १०,१०० जणांसाठी फक्त ७. भागाकार करा: प्रत्येक दाराला चौदाशेच्या वर माणसं. असं एक दार तासाला सहा-सातशे माणसं आत घेतं. म्हणजे एकही माणूस दारू प्यायलेला नसता, एकानेही ढकलाढकल केली नसती, सगळे अगदी ओळीत आले असते, तरी शेवटच्या माणसाला आत जायला दोन तास लागले असते. ही गर्दी तिकीटविक्रीच्या वेळीच कागदावर ठरून गेली होती.

हा भागाकार करून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. शोक मी पुष्कळ केला होता, पण हिशेब पहिल्यांदाच करत होतो.

पुढचं वाचवत नाही, तरी वाचायला हवं. बाहेरची कोंडी असह्य झाली तेव्हा, २ वाजून ५२ मिनिटांनी, पोलिसांनी ‘सी’ नावाचं मोठं दार उघडायला लावलं. सुमारे दोन हजार माणसं आत आली. समोरच एक बोगदा होता. तो थेट उभ्या प्रेक्षकांच्या मधल्या दोन कप्प्यांत उतरत होता आणि ते कप्पे आधीच तुडुंब भरलेले होते. बाजूचे कप्पे मोकळे होते, पण तिकडे वळवायला कोणी उभं नव्हतं. आदल्या वर्षी याच दोन संघांचा सामना याच मैदानावर झाला, तेव्हा मधले कप्पे भरल्यावर तो बोगदा बंद केला गेला होता. या वेळी तो उघडाच राहिला. कप्प्यांच्या पुढे लोखंडी जाळी होती, मैदानात कोणी घुसू नये म्हणून बसवलेली. खेळ ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवला गेला.

दाट गर्दीत माणूस मरतो तो बहुधा उभ्याउभ्याच मरतो, हे मला तेव्हा कळलं. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की पाऊल कुठे टाकायचं हे कोणाच्याच हातात राहत नाही. सगळी गर्दी पुराच्या पाण्यासारखी हलते, आणि दाब इतका वाढतो की छाती फुलायला जागा उरत नाही, श्वास कोंडतो. मागच्याला पुढे काय चाललं आहे ते दिसत नाही, पुढच्याला मागे सरकता येत नाही. त्या जागी धीर, शिष्टाचार, शिक्षण काही म्हणजे काही कामाला येत नाही. जे वाचवता येतं ते त्याच्या आधी, दाराशी, बोगद्याच्या तोंडाशी, नकाशावर.

आणि त्या “बेशिस्त” गर्दीने केलं काय? जाहिरातींचे फलक उखडून त्यांची स्ट्रेचर केली, त्यावर जखमींना घालून मैदान ओलांडत पळाली. पोलिसांची एक रांग मात्र मैदानाच्या मधोमध उभी होती, दोन्हीकडचे चाहते भिडू नयेत म्हणून. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांनी त्याच दुपारी सांगितलं की चाहत्यांनी दार फोडलं. ते खोटं होतं, हे त्यांनी स्वतः २०१५ मध्ये साक्षीत मान्य केलं. मेलेल्यांच्या रक्तातली दारू तपासली गेली, त्यांत लहान मुलंही होती. सगळ्यात धाकटा मुलगा दहा वर्षांचा, पुढे आमचा कर्णधार झालेल्या स्टीव्हन जेरार्डच्या नात्यातला. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी १९८९ मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की मुख्य कारण पोलिसांचं सुटलेलं नियंत्रण. तरी १९९१ मध्ये मृत्यूचौकशीचा निकाल लागला “अपघाती मृत्यू” असाच.

अ‍ॅन विल्यम्स या बाईंबद्दल मला फार आदर आहे. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा केव्हिन तिथे गेला. सव्वातीननंतर कोणालाच वाचवता आलं नसतं, असं मृत्यूचौकशीच्या अधिकाऱ्यांनी ठरवून टाकलं आणि त्यानंतरचं काही ऐकायलाच नकार दिला. आपला मुलगा चारच्या सुमारापर्यंत जिवंत होता, हे सांगत या बाई वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिल्या. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला. पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते, त्यांपैकी ११६ मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढला होता. डिसेंबरात जुने निकाल रद्द झाले, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅन विल्यम्स कर्करोगाने गेल्या. २६ एप्रिल २०१६ चा निकाल त्यांना ऐकायला मिळाला नाही: बेकायदेशीर मनुष्यवध, आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात वाटा नाही. मृतांचा आकडा आज ९७ आहे. त्यातला शेवटचा माणूस त्या दिवशीच्या जखमांमुळे २०२१ मध्ये गेला.

हे सगळं वाचल्यावर मला बाबांचं वाक्य नव्याने ऐकू आलं. त्यांना हिल्सबरो माहीत नव्हतं, टेलर माहीत नव्हते. पण भोंगा झाल्यावर एकाच फाटकातून पाळी सुटते तेव्हा काय होतं, हे त्यांना अंगाने ठाऊक होतं. परळमध्येही हिशेब तोच. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, त्या टॉवरांत हजारोंनी माझ्यासारखे लोक रोज सकाळी एकाच वेळी येऊ लागले. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंची माणसं त्याच अरुंद पुलावर. पूल अपुरा आहे हे प्रवासी सांगत होते, खासदार पत्रं लिहीत होते. टॉवरांना परवानगी देताना कोणी भागाकार केला होता का? दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि कारण आलं पावसाचं, थबकलेल्या गर्दीचं. पाऊस तर मुंबईत दरवर्षी येतो. मग लष्कराला बोलावलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत नवा पूल उभाही राहिला. इतक्या थोड्या महिन्यांत होणारं काम आधी इतकी वर्षं का झालं नाही, हे विचारायला मी त्या रात्री हवा होतो. मी मेलेल्यांना शिस्त शिकवत होतो.

गर्दी नेहमीच निर्दोष असते, असं मात्र मी म्हणणार नाही. लिव्हरपूलच्या चाहत्याला तर ते म्हणताच येत नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर आमच्या चाहत्यांनी युव्हेंटसच्या चाहत्यांवर चाल केली, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली. चौदा जणांना शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ चाहते गेले, तेही गॅलरीत सुरू झालेल्या मारामारीपायी. तिथे तर दोन्ही बाजूंचे लोक एकाच गॅलरीत बसवलेले होते. मारणाऱ्याचा गुन्हा आहेच, त्याला नाव असतं, चेहरा असतो, त्याच्यावर खटला चालवता येतो. “गर्दी” या आरोपीला यातलं काहीच नसतं, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा. शिवाय हेझेलची भीती दाखवूनच हिल्सबरोच्या चाहत्यांना आधी गुंड ठरवलं गेलं, हेही विसरून चालत नाही.

माझं मत पक्कं झालं ते २०२२ च्या मे महिन्यात. पॅरिसला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, आम्ही विरुद्ध रेआल माद्रिद. सामना अर्ध्या तासाहून जास्त लांबला आणि स्टेडियमच्या पडद्यावर कारण झळकलं: प्रेक्षक उशिरा आले. प्रत्यक्षात लोक कित्येक तास बाहेर कोंडलेले होते आणि त्यांच्यावर अश्रुधूर सोडला जात होता. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी हजारो खोट्या तिकिटांची गोष्ट सांगितली. पुढच्या फेब्रुवारीत युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने सांगितलं की मुख्य जबाबदारी युएफाचीच. त्याच २०२२ च्या एक ऑक्टोबरला इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान मैदानावर पोलिसांनी बंदिस्त गॅलरीकडे अश्रुधूर सोडला आणि १३५ माणसं मेली. मैदानात अश्रुधूर वापरू नये, असं फिफाचे नियम सांगतात.

म्हणून ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी क्रिकेट मैदानाबाहेर ११ जण चेंगरून गेले, आणि आमच्या गटात पहिला संदेश आला “लोकांना अक्कल नाही”, तेव्हा मी भांडलो. क्रिकेट असो की फुटबॉल, मला विचारायचं होतं की लोकांना बोलावलं कोणी, कोणती दारं किती वाजता उघडली, दाराशी मोजणारं कोण होतं. एका मित्राने विचारलं, “मग माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही?” आहे. पण दारात पोचेपर्यंतच. त्यापुढे त्याने आपला जीव आयोजकाच्या हाती दिलेला असतो, तिकीट असो नसो.

एका गोष्टीचं उत्तर अजून मला सापडलेलं नाही. टेलर अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर उभं राहण्याच्या जागा गेल्या, खुर्च्या आल्या. मैदानं सुरक्षित झाली, आणि तिकिटं इतकी महागली की ज्या कामगार कुटुंबांतली मुलं हिल्सबरोला मेली, त्या कुटुंबांना आज आत जाणं परवडत नाही. टेलर यांनी स्वतः लिहिलं होतं की खुर्चीचा दर सहा पौंडांच्या आसपास ठेवता येईल. २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं तेव्हा हजारो चाहते सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून मैदानाबाहेर गेले आणि मालकांना माघार घ्यावी लागली. गर्दी सुरक्षित ठेवायची आणि गरिबाला बाहेरही काढायचं नाही, हे दोन्ही जमवणं अवघड आहे. पण ते जमवलंच पाहिजे.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका २०१४ मध्येच काढलेली आहे. सामना, जत्रा, मिरवणूक, सभा, सगळ्यांना ती लागू पडते. या वर्षी आमच्या विभागातल्या उत्सव मंडळाच्या बैठकीत मी ती छापून घेऊन गेलो आणि मंडपाला बाहेर पडायचे रस्ते किती, त्यांची रुंदी किती, एका वेळी आत किती माणसं घ्यायची, हे लेखी ठरवायला सांगितलं. दोन रस्ते मान्य झाले, तिसऱ्यासाठी देणगीदाराची कमान हलवावी लागते म्हणून तो अडला आहे. पुढच्या बैठकीला बाबाही येणार आहेत.