काउंटरच्या आतल्या बाजूने

बी.एड. झालेली बाई कापडाच्या दुकानात काम करते, ही बातमी मोहल्ल्यात कुणाला सांगावी लागत नाही. एक जण बघून जातो आणि मगरिबपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. सोलापुरातल्या उर्दू माध्यमाच्या एका विनाअनुदानित शाळेत मी सकाळी सात ते बारा सहावी-सातवीला शिकवते. दुपारी एक ते रात्री नऊ ड्रेस मटेरिअलच्या दुकानात असते. शाळेचे सहा हजार आणि दुकानाचे सहा हजार मिळून घर चालते. अब्बा यंत्रमागावर होते. ते गेल्यापासून घरात अम्मी आणि मी.

दुकानातले काम अवघड नाही, कंटाळवाणे आहे. गिऱ्हाईक वीस ड्रेस उलगडून बघते, "बाद में आते" म्हणून निघून जाते, आणि वीसच्या वीस पुन्हा घडी घालून रॅकला लावायचे. कापडाचा पन्हा किती, अस्तर किती लागेल, रंग जाईल का, हेच प्रश्न, आणि उत्तरेही तीच. शाळेत एकच धडा चार वर्षे शिकवला तरी दर वर्षी कुणीतरी पोर वेगळे काही विचारते. इथे तसे होत नाही. त्यात दिवसभर उभे राहायचे. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, कारण बाहेरून दुकान आळशी दिसते म्हणे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. केरळात विक्रेत्या बायका त्यासाठी लढल्या होत्या. ही बातमी मी सोबतच्या मुलींना सांगितली तेव्हा त्या हसल्या. एक म्हणाली, "टीचर, स्टूल मिल्या तो पहले तुमे बैठो."

दोन ते चार दुकान रिकामे असते. मोबाइलला बंदी आहे, पुस्तकाला नाही. बहुधा कुणी पुस्तक आणील असे शेठना वाटलेच नसावे. त्या दोन तासांत उभ्या उभ्या मी गेल्या वर्षभरात बरेच वाचले. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' आधी वाचली. माझे शिक्षण उर्दूत झाले, त्यामुळे मराठी वाचताना वेग कमी असतो, आणि माणदेशी बोली तर दोन-दोनदा वाचावी लागली. पण त्यातला कोवळा मास्तर मला लगेच ओळखीचा झाला. शाळेत पोरे यावीत म्हणून तो आधी माणसे जोडतो, त्यांची नाना कामे करतो. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते आणि शाळाही राहत नाही. पट कमी झाला की आमच्या शाळेत जी कुजबुज सुरू होते, ती आठवून मला ती शेवटची पाने वाचवेनात.

सध्या शाळेच्या कपाटातले प्रेमचंद वाचते आहे. त्यांनी आपल्या लहानपणाविषयी जे लिहिले आहे, ते मला दुकानात वाचायला मिळाले हे बरे झाले. गोरखपूरला एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात ते जाऊन बसत. त्याच्याकडच्या इंग्रजी पुस्तकांच्या कुंज्या आणि नोट्स आपल्या शाळेत विकून देत आणि मोबदल्यात त्याच्याकडचे उर्दू किस्से-कादंबऱ्या घरी नेऊन वाचत. म्हणजे वाचनासाठी त्यांनीही विक्री केली होती! पुढे फार तंगी आली तेव्हा गणिताची कुंजी विकायला ते एका दुकानात गेले. तिथेच एका शाळेचे हेडमास्तर भेटले आणि महिना अठरा रुपयांवर मास्तरकी मिळाली. दुकानातून शाळेत जाणारी वाट निदान एकदा तरी कुणाला सापडली होती.

त्यांची 'ईदगाह' मी वर्गात अनेकदा शिकवली. हामिद खेळणी सोडून दादीसाठी चिमटा घेतो, तो त्याग, ते प्रेम, यावर प्रश्नोत्तरे लिहून दिली. काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिल्यावर लक्ष गेले ते चिमटेवाल्याकडे. सहा पैसे सांगतो, पाचावर येतो आणि शेवटी तीन पैशांत देतो. त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. पण पोराच्या खिशात किती आहे हे त्याने ओळखले नसते, तर दादीचे हात भाजतच राहिले असते.

गेल्या रमजानमध्ये विजापूर वेशीपासून सगळीकडे गर्दी होती. असरनंतर माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर दुकानात आली. आई चांगली घासाघीस करत होती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "अम्मी, ये हमारे टीचर हैं." आई एकदम गप्प झाली. डोक्यावरचा दुपट्टा नीट केला आणि सांगितलेली किंमत मुकाट्याने मोजली. टीचरशी भाव कसा करायचा? शेठनी ठरवून दिलेली दहा टक्क्यांची सूट माझ्या हातात होती. मी ती न मागता दिली. पण तिने दाखवलेला तो अदब दुकानात मला जड गेला. तो शाळेचा होता.

शेठ माणूस वाईट नाही. त्या ईदच्या आधी त्यांनी विचारले, पूर्ण दिवस येता का, चौदा हजार देतो. म्हणजे दोन हजार जास्त. गॅस आणि वीजबिल निघाले असते. दुसरीकडे शिक्षक भरती. २०१७ ची अभियोग्यता चाचणी मी दिली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये झाली, तीही दिली. दोन्ही वेळा गुण थोडक्यात कमी पडले. मी आता छत्तीस वर्षांची आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत असे डी.एड., बी.एड.चे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असतील.

ईद झाल्यावर मी शेठना सांगितले, अर्धाच दिवस येईन. यात शौर्य काही नाही. सकाळचे पाच तास कुणीतरी मला काहीतरी नवे विचारते, आणि ते गेले तर दुपारचे वाचनही कशासाठी करायचे ते मला कळणार नाही.

त्या दोन हजारांची तोंडमिळवणी अजून व्हायची आहे. अम्मीने दुपट्ट्यांना गोंडे लावायचे काम घरी आणले आहे. तिला वाचता येत नाही. इशानंतर ती गोंडे लावत बसते आणि मी मोठ्याने वाचते. एक कथा संपेपर्यंत दोन दुपट्टे होतात.