भिंतीमागची माणसं

फॅशनच्या छायाचित्रात आधी कपडे दिसतात, मग चेहरा, मग उजेड. मागची भिंत सगळ्यात शेवटी दिसते आणि ती कुणी उभी केली हे कुणी विचारत नाही. अशा भिंती, कमानी, जिने आणि आभाळं उभी करण्यावर माझं घर चालतं. या कामात माझं नाव झालं ते ज्यांच्यामुळे, त्यांची नावं मात्र बहुतेक वेळा पानावर आलीच नाहीत. त्यांचं देणं मोठं आहे. ते फिटणार नाही, पण निदान मांडून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

जे. जे.मधून उपयोजित कला शिकून बाहेर पडले तेव्हा मला रेखाटन येत होतं, रंगसंगती कळत होती. पण कागदावरची भिंत जमिनीवर उभी कशी करायची, हे शिकवलं मिस्त्रीकाकांनी. ते मूळचे कुडाळकडचे, राहायला लालबागला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांत घालवली. दौऱ्याच्या सेटचं गणित कडक असतं. तो टेम्पोत मावला पाहिजे, प्रयोगाआधी झटपट लागला पाहिजे आणि नटाने रागाने दार आपटलं तरी भिंत हलता कामा नये. काकांच्या हातात ते गणित पुरतं मुरलेलं होतं. रिपांची चौकट, तिच्या कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोणी तुकडे, वर ताणून बसवलेला मांजरपाट, मागून तिरका टेका आणि टेक्यावर वाळूची गोणी. अशा चौकटीला फ्लॅट म्हणतात. दोन फ्लॅट जोडायचे ते खीळ काढता येणाऱ्या बिजागऱ्यांनी, म्हणजे खीळ ओढली की भिंत मोकळी. “ताई, भिंत मागून तपासायची,” ते सांगत. “पुढून काय, रंग मारला की सगळ्याच चांगल्या दिसतात.”

नाटकाची आणि छायाचित्राची गरज वेगळी, हे त्यांनी माझ्याइतक्याच लवकर ओळखलं. नाट्यगृहात प्रेक्षक डावी-उजवीकडे, खाली-वर सगळीकडे बसलेला असतो, त्यामुळे सेट सगळीकडून खरा दिसावा लागतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. तो एका जागी ठेवला की त्याला दिसतं तेवढंच बांधायचं, पण ते फार काटेकोर बांधायचं, कारण नाटकात खपून जाणारा ब्रशचा सुटा केस इथे मोठ्या पानावर स्पष्ट दिसतो. मी कागदावर लेन्सचा कोन मांडून आकडे काढायची. काकांनी त्यावर स्वतःची रीत बसवली. कॅमेरा जिथे येणार तिथे एक स्टँड ठेवायचे, लेन्सच्या उंचीवर सुतळी बांधायचे आणि चित्राच्या कडा जिथे येतात तिथपर्यंत ती दोन्ही बाजूंना ताणायचे. सुतळीच्या आत येईल ते बांधायचं, बाहेरचं सोडून द्यायचं. अख्खा जिना हवा असं वाटत असताना चार पायऱ्यांत काम भागायचं आणि वाचलेल्या प्लायमध्ये कमानीची जाडी खरी करता यायची. आजही कुठल्याही स्टुडिओत गेले की मी आधी सुतळी मागते.

दुसरं देणं पेंटरचाचांचं. त्यांचं तारुण्य सिनेमाची हाती रंगवलेली होर्डिंग्ज करण्यात गेलं. फ्लेक्सची छपाई आली आणि ते काम बघता बघता संपलं. स्टुडिओत मिळणारी कागदाची गुंडाळी साधारण २.७२ मीटर रुंद असते. एक माणूस उभा करायला ती पुरते; घेरदार कपड्यातल्या तिघीजणी हात पसरून उभ्या राहिल्या की अपुरी पडते. अशा वेळी चाचा जमिनीवर मांजरपाट अंथरून आभाळ रंगवत. आधी सरस आणि खडूच्या भुकटीचं अस्तर. मग कापड ओलसर असतानाच करडा आणि निळा रंग एकमेकांत सोडायचे आणि ढगाची कड ब्रशने न ओढता ओल्या स्पंजने टिपून काढायची. मधूनच ते शिडीवर चढून डोळे बारीक करून खाली बघत. लांबून बघायचं कसं, हे होर्डिंगवाल्या माणसाइतकं कुणाला कळणार? चकचकीत रंगाला ते हात लावत नसत, कारण दिव्याची झळाळी त्यावर ठिपका होऊन बसते. माझे सगळे पडदे आजतागायत मॅट आहेत ते त्यांच्यामुळे.

या दोघांच्या जोरावर मी मित्रमंडळींबरोबर पहिली कोलॅब शूट्स केली. अशा शूटला पैसे देणारं कुणी नसतं. डिझायनर कपडे आणते, छायाचित्रकार कॅमेरा आणि दिवे, मेकअप करणारी आपली पेटी, मॉडेल आपला दिवस आणि मी सेट. चित्रं सगळ्यांची, पोर्टफोलिओ सगळ्यांचा. त्यातलं एक अजून डोळ्यांपुढे आहे. मैत्रिणीने हातसुताचे पांढरे कपडे केले होते आणि त्यांच्यामागे मी नीळ घातलेल्या चुन्याच्या रंगाची एक कमान ठरवली होती. पहिली फ्रेम स्क्रीनवर आली तेव्हा पांढऱ्या बाहीवर निळी झाक उतरलेली दिसली. छायाचित्रकार दिवे हलवण्याच्या विचारात होता. काकांनी पाहिलं, गोण्या उचलल्या आणि फ्लॅटखालची चाकं सोडून अख्खी भिंत चार पावलं मागे नेली. भिंतीवरून परतणारा रंग अंतराबरोबर झपाट्याने विरतो. बाही पांढरी झाली, कमान किंचित मऊ झाली आणि ते चित्र आम्हा सगळ्यांच्या पोर्टफोलिओचं पहिलं पान झालं. सहकार्य म्हणजे काय, हे मला त्या चार पावलांनी शिकवलं. कपडा, उजेड आणि भिंत यांतलं कुणी एकटं बरोबर नसतं.

पुढे जगभरचं काम पाहिलं तेव्हा आपलं घराणं मोठं आहे, हे कळलं. अर्व्हिंग पेन या छायाचित्रकाराने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन फ्लॅट चिंचोळ्या कोनात जोडून त्या कोपऱ्यात नामवंत माणसं उभी केली. १९५० मध्ये पॅरिसला त्याला नाटकाचा एक जुना रंगवलेला पडदा मिळाला. तो त्याने पुढे आयुष्यभर वापरला. ती चित्रं काकांना दाखवली तेव्हा ते चेहऱ्यांकडे न बघता फ्लॅटच्या सांध्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हे तर आपलंच काम!” खरंच होतं ते. आपल्याकडे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ केला. टिम वॉकरच्या स्वप्नवत फॅशन छायाचित्रांचे सेट वर्षानुवर्षं करणाऱ्या शोना हीथला ‘पुअर थिंग्ज’साठी सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं. रंगमंच, फॅशन आणि सिनेमा यांच्यामध्ये ये-जा करणारी वाट सुतारांनी आणि पेंटरांनीच मळलेली आहे.

मराठी नाटकात एक रीत आहे. पडदा उघडण्याआधी लेखक-दिग्दर्शकांबरोबर नेपथ्य आणि प्रकाशयोजना करणाऱ्यांची नावं घेतली जातात, काही नाटकांत तर रंगमंच साहाय्यकांचीही. काकांनी आयुष्यभर ती ऐकली होती. फॅशनच्या पानावर मात्र केसांपासून बुटांपर्यंत सगळ्यांना श्रेय मिळतं आणि यादी सेट डिझायनरपाशी थांबते. कोलॅबमध्ये हा अन्याय दुप्पट होतो. आम्हा बाकीच्यांना त्या चित्रातून पुढचं काम मिळतं. सुताराला पोर्टफोलिओचा उपयोग नसतो. त्या दिवशी त्याची रोजी बुडाली तर ती बुडालीच. म्हणून मी एक नियम केला आहे. शूट कितीही बिनपैशाचं असो, सुतार, पेंटर आणि हमाल यांची मजुरी आधी बाजूला काढायची, आणि ती निघत नसेल तर सेट लहान करायचा. श्रेयनामावलीत त्यांची नावं नसतील तर माझंही छापू नये, असं मी आता आधीच सांगते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. मिळून काम करायला जमाल तेव्हा तुमच्यासाठी खिळा ठोकणाऱ्याला तुमच्या हौसेचा भागीदार धरू नका, कामाचा भागीदार धरा. दिवस संपण्याआधी त्याचे पैसे त्याच्या हातात द्या आणि त्याचं पूर्ण नाव त्यालाच विचारून नीट लिहून घ्या.