अजून न मिळवलेले पैसे

बालाघाटच्या डोंगरात वसलेले किल्ले धारूर मी प्रथम पाहिले ते दसऱ्याच्या सुमारास. आठवडी बाजार फुलला होता. सीताफळांच्या पाट्या ओळीने मांडल्या होत्या. कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. पातेली, पत्र्याच्या पेट्या, पांघरुणे यांची खरेदी चालली होती. बीड जिल्ह्याच्या या कोरडवाहू मुलखात इतका पैसा कोठून आला, याचे मला नवल वाटले. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना मी म्हणालो, "यंदा पीकपाणी चांगले झालेले दिसते."

त्या हसल्या. "कशाचं पीक, दादा? ही उचल हाय. हे पैसं अजून कमवायचं हायेत."

उचल म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाने आगाऊ दिलेली रक्कम. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' होतो. माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे हे कोयते पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. तोवर वाड्या-वस्त्यांवर म्हातारीकोतारी माणसे उरतात. भुसार दुकानदार, शिंपी, चहावाला, सर्वांचे वर्ष त्या चार आठवड्यांच्या विक्रीवर तोललेले असते. गावची पेठ जगते ती गावच्या पिकावर थोडी आणि परमुलखातील उसावर अधिक.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचे कामकरीही बाजारातच उभे होते. त्यांना संध्याकाळी मजुरी मिळाली आणि ते मोकळे झाले. येथे मजुरी आधी मिळते. वरवर हे सुदैव वाटावे; परंतु आधी खाल्लेली मजुरी माणसाला बांधून ठेवते. दुखण्यामुळे पडलेला खाडाही अंगावर चढतो. हंगाम संपला तरी फिटली नाही, तर ती बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यात जाते. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनाला चौकशी करावी लागली. खाड्याचे भय किती खोल रुजले आहे, हे त्या वेळी महाराष्ट्राला कळले.

केवळ करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकात बजावले होते. ते मी तरुणपणी वाचले होते. त्याचा अर्थ धारूरच्या बाजारात उमगला.

नाताळात आपण गव्हाण सजवतो, करंज्या तळतो. त्याच रात्री उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या कोपीत एखादी आई लेकराला पांघरूण घालत असते, कारण पहाटे तिला फडात उतरायचे असते. डब्यातून साखर घेताना माझा हात आता क्षणभर थबकतो. त्या बाईंनी आपली उचल फेडली असेल काय? त्यांचे माझ्यावरील देणे मात्र अजून तसेच आहे.