दानपेटीतील रुपये

आमच्यापैकी पुष्कळांचे वडील लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. १९८२ च्या संपानंतर घरची चूल मंदावली आणि आम्ही या निवासी शाळेत दाखल झालो. गणित आम्हांस परक्यांचे वाटे. पुस्तकात नावे देकार्त, न्यूटन, गाउस यांची. ती विद्या युरोपात वाढली, आपल्या वाट्याला तिच्यात नापास होणे तेवढे आले, अशी आमची समजूत होती.

गणिताच्या सरांनी ती एका संध्याकाळी, वंदनेनंतर, मोडावयास घेतली. परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारणारे धर्मानंद कोसंबी आम्हांस ठाऊक होते. त्यांचे चिरंजीव दामोदर हे गणिती, हे प्रथमच ऐकले. जन्म १९०७ चा, गोव्यातला, शिक्षण हार्वर्डला, १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम, आणि त्यासाठी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. यदृच्छेने बदलणाऱ्या गुंतागुंतीच्या संकेतातून मोजके मुख्य घटक वेगळे काढण्याची रीत त्यांनी १९४३ साली मांडली. युरोपात कारहुनेन आणि लोएव्ह हेही स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले, पण कोसंबींच्या नंतर. आज चित्रे थोड्या जागेत साठविताना, चेहरे ओळखताना ती रीत कामी येते. त्यांचे १९४४ चे सूत्र गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढते. पिकांचे जनुक-नकाशे करणारे ते अजून वापरतात.

हे सारे तेव्हा आमच्या डोक्यावरून गेले, हे कबूल केले पाहिजे. नाणी मात्र समजली. नाणे हातोहाती फिरता झिजते, म्हणून कोसंबींनी तक्षशिलेची आहत नाणी तोलून त्यांचा चलनातील काळ ताडला. पडताळ्यासाठी आपल्या काळातील हजारो नाणीही तोलली. गाउसने ग्रहांच्या निरीक्षणांतील चुका हाताळताना ज्या वक्राचा आधार घेतला, तोच येथे नाण्यांना लागू पडला.

सर म्हणाले, आपणही तोलू. पण रुपये आणावयाचे कोठून? भन्तेजींनी विहाराची दानपेटी उघडून दिली. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. १९८३ पूर्वीचा रुपया आठ ग्रॅमचा, नंतरचा सहा ग्रॅमचा. आम्ही दोन्ही एकत्र तोलून जुनी नाणीच जड निघाल्याचा शोध लावला! सर हसले नाहीत. निरनिराळ्या मापाच्या वस्तूंची सरासरी काढून काय कळणार, एवढेच त्यांनी विचारले. मग आठ ग्रॅमचे रुपये तेवढे निवडून वर्षवार ढीग केले. तरी मन खट्टू झाले, कारण १९७६ चा एखादा रुपया १९८१ च्या रुपयाहून जड भरे. एकेका नाण्याला विचारून काही कळत नव्हते. ढिगांच्या सरासऱ्या काढल्या तेव्हा कोठे १९७५ चा ढीग १९८२ च्या ढिगाहून किंचित, काही मिलिग्रॅमनेच, हलका निघाला. ज्याला वर्गात कोणी फळ्यापाशी बोलावीत नसत, त्या आमच्यातल्या एकाने तो आकडा तीनदा तपासला आणि चौथ्यांदा तपासावयास कोणाला देईना.

रुपये मोजून परत पेटीत ठेवले. एक कमी भरला. तो सरांनी आपल्या खिशातून टाकला. तक्त्याची वही प्रयोगशाळेच्या कपाटात अजून आहे. १९७९ च्या रकान्यात मोठी खाडाखोड दिसते, ती आमची.